तायडे काकांचा औषधाचा डबा

आमच्या गल्लीत सकाळी कोणी 'चहा झाला का' विचारतं, कोणी 'निघाले का ड्युटीवर' विचारतं. तायडे काका विचारतात, "आज किती फेऱ्या?"

हा प्रश्न ते स्वतःच्या फाटकात उभे राहून, रस्त्याच्या पलीकडच्या माणसाला विचारतात. परतवाड्याच्या बसस्टँडवर त्यांची सारी नोकरी वाहतूक नियंत्रक म्हणून गेली. माइक बंद पडला तरी तिथल्या प्रवाशांना कळत नसे म्हणे, कारण काकांचा आवाज तसाच शेवटच्या फलाटापर्यंत पोचायचा. निवृत्त होऊन ते अमरावतीला आमच्या शेजारी राहायला आले आणि आवाज सोबत घेऊन आले. फेऱ्या म्हणजे एसटीच्या नव्हेत, संडासाच्या, हे गल्लीतल्या लहान लेकरांनाही माहीत आहे.

मी भातकुलीच्या शाळेत शिक्षिका. रोज बसने जाणं-येणं. तीनेक वर्षांपूर्वी एका आठवड्यात दोनदा मला अर्ध्या रस्त्यात बसमधून उतरून, ऑटो करून घरी परतावं लागलं. दुसऱ्या वेळी मी मान खाली घालून गल्लीत शिरले तेव्हा भाजीवालीच्या गाडीभोवती चार बायका उभ्या होत्या. काकांनी फाटकातून हाळी दिली, "बाई, रक्त पडते का?"

मेथीची जुडी हातात घेऊन चारही बायका माझ्याकडे वळल्या. धरणी पोटात घेईल तर बरं असं मला झालं. मी फणकाऱ्यानं म्हटलं, "काका, काहीतरीच काय विचारता?" ते जागचे हलले नाहीत. "लाजून राहिल्या त आतडं जाईन, बाई. मले अठरा वर्षं झाले. मी काही डॉक्टर नाही. पन डॉक्टरले दाखवा, उद्याच."

मी तोवर मूळव्याध समजून कुठलंसं चूर्ण खात होते आणि नवऱ्यालाही धड सांगितलं नव्हतं. दुर्बिणीची तपासणी झाली, तेव्हा निघालं काकांसारखंच अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, जखमा होतात, रक्त जातं. आणखी दोन-चार महिने असंच अंगावर काढलं असतं तर प्रकरण ऑपरेशनवर गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. त्या दिवशी काकांचा मला भयंकर राग आला होता. आज माझं आतडं जागेवर आहे ते त्या हाळीमुळे.

त्यानंतर काकांनी मला आपल्या डेपोत रुजू करून घेतलं, असंच म्हणावं लागेल. माझी आई तेल्हाऱ्याहून माझ्याकडे राहायला आली होती. सूज उतरवायची माझी गोळी चांगली बोराएवढी, घशातून उतरताना मी रोज डोळे पांढरे करायची. आईला ते बघवेना. ती गोळी खलबत्त्यात कुटून, दह्यात कालवून, वर साखर घालून मला भरवू लागली. माहेरपण म्हणून मीही लाडानं खात होते. पंधरा दिवस झाले तरी फरक पडेना. एके सकाळी काकांना कुंपणापलीकडून खलबत्ता ऐकू आला.

"माय, काय कुटून राहिल्या?"

"पोरीची गोयी," आई म्हणाली.

काका तिथंच आमच्या ओट्यावर बसले. "माय, ते पार्सल अकोल्याचं हाय, आन तुमी बडनेऱ्यालेच फोडून टाकलं. गोयीवरचं कवच पार खाली आतड्यात गेल्यावर सुटते. तुमी कुटलं, त दवाई वरच्या वरच गेली. जिथं सूज हाय तिथं काय पोचन?"

आईनं खलबत्ता धुऊन पालथा ठेवला. डॉक्टरांनीही मग तेच सांगितलं, अख्खी गिळायची, चावायची नाही, कुटायची नाही. मी आठ दिवसांत सावरू लागले.

काकांचं दुसरं वेड म्हणजे रिकामी पाकिटं. दर सोमवारी ते माझ्या गोळ्यांचं रिकामं पाकीट मागतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत मला ठणठणीत वाटत होतं, म्हणून मी गोळ्या बंद केल्या होत्या. सोमवारी दाखवायला पाकीट नव्हतं. मी म्हटलं, "काका, आता बरं वाटतंय." ते हेडमास्तरासारखे माझ्याकडे बघत राहिले. "बरं वाटून राहिलं म्हनजे बरं झालं नाही, बाई. गोयी चालू होती म्हून बरं वाटून राहिलं. बंद करायची का नाही, ते तुमी ठरवता का डॉक्टर?" तिकडच्या गल्लीतल्या एकानं स्टेरॉइडच्या गोळ्या एका दिवसात सोडल्या आणि तो तिसऱ्या दिवशी दवाखान्यात गेला, तर काका त्याच्या खाटेपाशी जाऊन त्याला रागावून आले. ती गोळी डॉक्टर सांगतील तशी कमी कमी करत उतरवायची असते, एकदम ब्रेक मारला की गाडी उलटते, हे त्यांनी सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं सांगितलं. नर्सनं त्यांना बाहेर काढलं.

पण त्यांचं खरं वैर अंगदुखीच्या गोळीशी. आपल्याकडे गुडघा दुखला, कंबर धरली, की माणूस मेडिकलमध्ये जाऊन 'दुखण्याची द्या' म्हणतो आणि दुकानदार पुडीत चार गोळ्या बांधून देतो. काका अशी पुडी दिसली की हातातून काढून घेतात. "हे बी सुजेची आन आपली बी सुजेची, म्हून बहिनी समजू नका. सवती हायेत. हे गुडघ्याले थंड करते आन आपल्या आतड्यात आग लावते. डॉक्टरले इचारल्याशिवाय तोंडात टाकू नका." माझी पाठ धरली तेव्हा मला त्यांनी शेक घ्यायला लावला आणि आधी डॉक्टरांना फोन करायला लावला. फोनवर काय बोलायचं तेही कानाशी उभं राहून सांगत होते.

असा हा माणूस घरी एकटा. समोरच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली काकूंचा फोटो. काकूंच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. मुलगी प्रज्ञा पुण्याला नोकरीत, तिथंच तिचा संसार. वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुट्टीत येते.

पहिल्या वर्षी ती यायच्या आदल्या दिवशी काका बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आमच्याकडे आले. आत त्यांच्या सगळ्या गोळ्या, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, तपासण्यांचे कागद. "पंधरा दिवस ठेवा," म्हणाले. प्रज्ञासमोर आजाराचा ब्र काढायचा नाही, असा दम त्यांनी गल्लीलाही देऊन ठेवला होता. मग रोज सकाळ-संध्याकाळ पेपर वाचायचं निमित्त करून यायचे, गोळी घ्यायचे, पेपर न उघडताच परत जायचे. मी विचारलं, "काका, प्रज्ञाला माहीत नाही?"

"नाही."

"अठरा वर्षांत?"

माझ्या घरात पहिल्यांदाच ते हळू आवाजात बोलले. "तिच्या आईचं डायलिसिस सहा वर्षं चाललं, बाई. आठवड्यातून दोनदा दवाखाना. मी ड्युटीवर, सारं पोरीनं केलं. तिच्या मैतरिनीचे लगन झाले, लेकरं झाले, हे दवाखान्याच्या बाकावर बसून अभ्यास करे. आईचं केलं तिनं. आता माह्यं नाही करायचं तिनं. तिले समजलं त दुसऱ्या दिवशी नोकरी सोडून इथं येऊन बसन. मी वयखतो तिले."

माझ्या मनाला ते पटलं नव्हतं. पण मी डबा कपाटात ठेवला, त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी. चूक तिथंच झाली.

गेल्या दिवाळीला डबा आमच्याकडे आला, प्रज्ञा आली, आणि त्याच दिवशी तेल्हाऱ्याहून फोन आला, आई अंगणात पडली, मांडीचं हाड मोडलं. आम्ही घराला कुलूप लावून मिळेल त्या गाडीनं निघालो. माझ्या स्वतःच्या गोळ्या मी आठवणीनं पर्समध्ये टाकल्या. काकांचा डबा कपाटातच राहिला. अकोल्याला आईचं ऑपरेशन झालं, त्या धावपळीत चार दिवसांनी तो मला आठवला. फोन केला. काका म्हणाले, "फिकर करू नका, बाई. माह्याजवळ दुसरं पाकीट हाय. मायची काळजी घ्या." मागून प्रज्ञाच्या हसण्याचा आवाज येत होता. ज्या माणसानं माझी रिकामी पाकिटं तपासली, त्याचं पाकीट बघायला मागावं, हे मला सुचलं नाही.

दुसरं पाकीट नव्हतं. चिठ्ठीसकट सगळं माझ्या कपाटात होतं, आणि प्रज्ञा दूध आणायलासुद्धा त्यांच्यासोबत जायची. आठव्या दिवसापासून रक्त सुरू झालं. काका नळ सोडून संडासात बसायचे, आवाज जाऊ नये म्हणून. याच आजारानं सांधेही धरतात. त्यांचे गुडघे सुजले. बापाला जिना उतरताना भिंत धरावी लागते हे प्रज्ञानं पाहिलं आणि मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणल्या. पाण्याचा पेला आणि गोळी त्यांच्या हातावर ठेवून म्हणाली, "पप्पा, घ्या."

आणि त्यांनी घेतली. तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ, एक शब्द न बोलता. ज्या गोळीपायी हा माणूस अख्ख्या गल्लीशी भांडला, ती त्यांनी लेकीच्या हातून मुकाट्यानं गिळली, कारण 'नको' म्हटलं असतं तर 'का' ते सांगावं लागलं असतं.

चौथ्या दिवशी दुपारी ते संडासातच कोसळले. प्रज्ञानं दवाखान्यातून मला फोन केला तेव्हा मी अकोल्याहून परतीच्या बसमध्येच होते. घरी उतरून तशीच वर गेले, कपाटातून डबा घेतला आणि दवाखाना गाठला. काका ग्लानीत, एका हाताला सलाइन, दुसऱ्या हाताला रक्त. तरुण डॉक्टर विचारत होता, "आधीचा काही आजार? काही औषधं चालू आहेत?"

"नाही, पप्पांना काहीच नाही," प्रज्ञा म्हणाली. "फक्त गुडघ्यांसाठी गोळी दिली होती."

काकांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. ते मला 'बोलू नका' म्हणत होते, यात मला तिळभर शंका नव्हती. मी त्यांच्या अंगावरून हात लांब करून डबा डॉक्टरांच्या हातात दिला. "वीस वर्षांचं कोलायटिस आहे," मी म्हटलं. "बारा दिवस गोळ्या बंद आहेत. आणि तीन दिवस दुखण्याच्या घेतल्यात."

डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली, नर्सला हाका मारल्या, काकांच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन लावला, आणि बघता बघता खाटेभोवती धावपळ सुरू झाली. प्रज्ञा भिंतीशी उभी होती. माझ्यावर ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "ताई, त्या गोळ्या मी माझ्या हातानं दिल्या."

आठ दिवस आतडं राहतं की काढावं लागतं यावर जीव टांगणीला लागला होता. नवव्या दिवशी रक्त थांबलं. मी रोज शाळेतून परस्पर दवाखान्यात जायची, पण काका माझ्याशी बोलत नव्हते. मी आले की कूस बदलायचे. मीही हट्टाला पेटले होते, त्यांच्या पाठीकडे बघत बसायची.

दहाव्या दिवशी प्रज्ञा औषधं आणायला खाली गेली होती. तिनं रजा वाढवून घेतली होती. काका भिंतीकडे तोंड करूनच बोलले.

"सकाळी इचारलं तिनं मले, पप्पा, कावून नाही सांगितलं. म्या म्हटलं, तुले तरास नको म्हून. त म्हने, आई गेली तवा मी तिच्याजवळ होती, म्हून मले आज झोप लागते. तुमी गेले असते आन मले माहीतच नसतं, त मी काय केलं असतं."

ते वळले. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

"रोज म्हनतो तिले, बेटा, जाय आता पुन्याले, घर हाय तुह्यं. जात नाही." मग त्यांचा आवाज इतका खाली आला की मला वाकून ऐकावं लागलं. "खरं सांगू का, बाई? मी म्हनतो जाय, आन ते खाली दवाई आनाले गेली तरी माह्यं दाराकडंच ध्यान राहते."

मी खुर्ची खाटेजवळ ओढली. प्रज्ञा वर येईपर्यंत आम्ही दोघंही दाराकडे बघत बसलो.