पोस्टर कापून होईपर्यंत

आमच्या खात्यात तक्रार घेऊन माणूस येणं ही तशी दुर्मीळ गोष्ट आहे. सर्व व्यवसायांतल्या कामगारांची सुरक्षितता आणि कामाच्या जागेची सुधारणा हे आमचं काम. खातं इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट आमच्या आधीपासून बंद आहे. त्यामुळे ज्याला खरोखर काही झालेलं असतं त्याला जिना चढवत नाही, आणि जो चढून येतो तो धडधाकट दिसतो. धडधाकट माणसाची तक्रार कशी नोंदवायची याबद्दल आमच्यात मतभेद आहेत.

तरीही मामा आले. ते एका छापखान्यात कागद कापण्याच्या मशीनवर होते आणि मालकापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना मामा म्हणत. सोबत मामीही होत्या. दोघं दम खात दारात उभी राहिली. साहेबांनी त्यांना बसायला सांगितलं नाही, कारण अभ्यागतांच्या खुर्च्यांचा प्रस्ताव अजून विचाराधीन होता.

"साहेब, आमच्या मशीनला दोन बटणं असतात," मामा म्हणाले. "दोन हातांनी दोन्ही दाबली तरच पातं खाली येतं. दोन्ही हात बटणांवर, म्हणजे पात्याखाली एकही जायचा सवालच नाही. आता मालकांनी डाव्या बटणात लाकडाची पाचर ठोकलीय. ते कायमचं दाबलेलंच. एका हाताने पातं पडतं."

"म्हणजे दुसरा हात मोकळा राहतो," साहेब म्हणाले. "सोयच झाली की."

"मोकळा राहतो म्हणूनच आत जातो. मालक म्हणतात, उजव्याने बटण दाब, डाव्याने गठ्ठा सारखा कर. काम दुप्पट निघतं ना."

"तुम्ही पाचर काढत का नाही?"

"काढतो की. डबा खाऊन येईस्तोवर ते परत ठोकतात. तुमचा एक माणूस येऊन नुसता बघून गेला तरी मालक घाबरतील. आम्हाला बाकी काही नको."

मग मामी पुढे झाल्या. "माझी बोटं सांध्यांत आखडलीत, साहेब. माझी वेणीसुद्धा रोज सकाळी हेच घालतात. घरात वळणारी बोटं म्हणाल तर यांचीच उरलीत. तेवढी राहू द्या."

साहेब हेलावले. आमचे साहेब हेलावले की धोरण आखतात.

"एका पाचरीसाठी एक माणूस पाठवणं हा इतर व्यवसायांवर अन्याय होईल," ते मला म्हणाले. मी खात्याचा प्रसिद्धी सहायक, त्यामुळे त्यांचे उद्गार प्रथम माझ्यावरच होतात. "न्हाव्याला हात नाहीत का? शिंप्याला नाहीत? खाटीक, सुतार, स्वयंपाकी... सर्वंकष विचार व्हायला हवा. हस्त-संरक्षण पंधरवडा पाळू. पोस्टर काढू. पोस्टर भिंतीवर लागलं की उद्घाटन, आणि उद्घाटन झालं की तपासणीला माणसं बाहेर पडतील."

"माणूस आधी नाही का येऊ शकत?" मामांनी विचारलं.

"आधी येऊन तो बघेल काय? पोस्टरच नसेल ना भिंतीवर," साहेबांनी समजावलं. मामांना ते पटलेलं दिसलं नाही, पण साहेबांनी घंटी वाजवली आणि भेट संपली.

पंधरवड्याची तयारी आम्ही झपाट्याने सुरू केली. सुधारणा घरापासून व्हावी म्हणून सर्वांत आधी आमच्या कचेरीत नव्या गुबगुबीत खुर्च्या आल्या. कागदांना टाचणी लावताना साहेबांच्या अंगठ्याला एकदा टोचलं होतं, तेव्हा टाचण्या साहेबांच्या टेबलावरून हद्दपार झाल्या आणि हे काम शिपायाकडे देण्यात आलं.

पोस्टरवर एक हात काढायचा हे पहिल्याच बैठकीत ठरलं. पुढच्या बैठका तो कोणता यावर झाल्या. उजवा काढला तर डावखुऱ्यांनी काय करायचं? पुरुषाचा काढला तर बायका रुसणार. राकट काढला तर कारकून म्हणणार की हे आमच्यासाठी नाही. अखेरीस चित्रकाराने हातमोजा काढला आणि आत हात आहे असं समजून चालावं असा ठराव एकमताने मंजूर झाला. खाली घोषवाक्य होतं, 'हात तुमचा, काळजी तुमची'. ते मी लिहिलं होतं. साहेब म्हणाले, यात खात्याची भूमिका नेमकी आली आहे.

छपाईसाठी दर मागवले. सर्वांत कमी दराला काम द्यायचं असा नियम आहे. एखाद्याचा दर इतका कमी कशामुळे आहे हे विचारायचा नियम नाही. काम मामांच्या छापखान्याला मिळालं.

उद्घाटनाला मोठे पाहुणे यायचे होते आणि त्यांना दुसरी तारीख सोयीची नव्हती. ती तोंडावर आली तरी पोस्टरांचा पत्ता नाही, म्हणून घोडं कुठे पेंड खातंय ते बघायला साहेबांनी मला पाठवलं. छापखान्यात शिरलो तर छापून झालेल्या मोठमोठ्या तावांच्या थप्प्या खांद्याएवढ्या उभ्या होत्या. एकेका तावावर बरीच पोस्टरं, ती फक्त सुटी कापायची राहिली होती. मामांनी पाचर काढून खिडकीत ठेवली होती आणि ते दोन्ही बटणं दाबून, हात काढून, गठ्ठा सारखा करून, पुन्हा दोन्ही बटणं दाबून शांतपणे कापत होते.

"बघा, दोन-दोन हात लावतोय एका कामाला," मालक माझ्याकडे तक्रारीच्या सुरात म्हणाले. "असं कसं व्हायचं वेळेत? तुम्हीच सांगा त्यांना."

मी साहेबांना फोन लावला. साहेब कडाडले, "सुरक्षिततेच्या कामात दिरंगाई म्हणजे कामगारांच्या जिवाशी खेळ आहे. काहीही करा, पण पोस्टरं वेळेत पाहिजेत." मी हा निरोप जसाच्या तसा पोचवला. निरोपात माझ्या पदरचं काही घालायची मला सवय नाही.

मामांनी मशीन थांबवलं. "पोस्टरं लागल्यावरच तुमचा माणूस येणार ना?"

"हो. आधी पोस्टर, मग उद्घाटन, मग तपासणी."

"आणि पहिल्यांदा आमच्याकडे?"

"तुमच्याच तक्रारीवरून सगळं सुरू झालंय. तुमच्याकडे नाही येणार तर कुणाकडे?"

मामांनी थप्प्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग लवकर उरकायला पाहिजे," ते म्हणाले. खिडकीतली पाचर त्यांनी स्वतःच उचलली आणि डाव्या बटणात ठोकली. "एवढी कापून होईपर्यंतच हं."

मालकांचा चेहरा खुलला. मीही मनातल्या मनात कामगारांचा उत्स्फूर्त सहभाग असं एक वाक्य अहवालासाठी जुळवून ठेवलं.

काम खरोखरच धडाक्यात निघालं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी नमुन्याची प्रत घ्यायला गेलो तेव्हा शेवटची थप्पी कमरेखाली आली होती. मामा एका हाताने गठ्ठा सारखा करत होते, दुसऱ्याने बटण दाबत होते. एक ताव जरा तिरका राहिला असावा. तो सरळ करायला डावा हात आत गेला आणि उजवा सवयीने बटणावर पडला. मामा ओरडलेसुद्धा नाहीत. त्यांनी हात मागे घेतला आणि तो कुणा दुसऱ्याचा असावा तसे त्याच्याकडे बघत राहिले. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं होतं. मी भिंतीला टेकून खाली बसलो. मालक धावत आले. मामांना रिक्षात घातलं, आणि मग मालक परत येऊन वरचे ताव बाजूला काढू लागले. एक अख्खा गठ्ठा डाग पडून वाया गेला होता.

अपघाताची चौकशी करणं आम्हाला भागच होतं. पण पंधरवडा सुरू झालेला नसल्याने पंधरवड्यात अपघात झाला असं म्हणता येईना, आणि सुरक्षेचं साहित्य तयार होताना अपघात झाला असं लिहिणं चमत्कारिक दिसलं असतं. म्हणून घटना हा शब्द घेतला. साहेब स्वतः मामांना भेटायला इस्पितळात गेले. त्यांचा मोठेपणा असा की ते जिना चढून गेले.

"तुम्ही आमचं पोस्टर वाचलं होतं का?" साहेबांनी विचारलं.

"वाचलं होतं की. दिवसभर तेच तर समोर होतं."

"तसं नाही. भिंतीवर लावलेलं वाचलं होतं का?"

"लावणार कसं, साहेब? कापून कुठे झालं होतं?"

"म्हणजे लावलेलं वाचलं नव्हतं," साहेब माझ्याकडे वळले. "कारणाच्या रकान्यात तेच घ्या. आणि पाचर कुणी ठोकली होती?"

"मी," मामा म्हणाले. ते खरं बोलायचे, हा त्यांचा दोष आम्हाला फार उपयोगी पडला.

पंधरवडा ठरल्या तारखेला पार पडला. पाहुणे म्हणाले की हात आहेत म्हणून माणूस आहे. मालकांना वेळेत पुरवठ्याबद्दल मानपत्र मिळालं. कबूल केल्याप्रमाणे आमचा तपासनीस पहिल्यांदा त्याच छापखान्यात गेला. पोस्टर दर्शनी भागात, सरळ आणि चारही कोपरे चिकटवून लावलेलं आढळलं. पाचरीबद्दल त्याने एक सुधारणाही सुचवली, आणि मालकांनी ती लगेच अमलात आणली. लाकूड बोटाला टोचण्याची शक्यता असते, म्हणून आता तिथे गुळगुळीत घासलेली लोखंडी पाचर आहे. बोट लागतं त्या जागी तिला रबरही लावलेलं आहे.

काही आठवड्यांनी मामी पुन्हा आल्या, एकट्याच. त्यांचे केस मानेपर्यंत कापलेले होते. त्या आता म्हाताऱ्या दिसत होत्या, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

"छान दिसतंय," साहेब म्हणाले. "सुटसुटीत."

"वेणी घालायला वळणारी बोटं उरली नाहीत," मामी म्हणाल्या. "मालक यांना परत कामावर घेत नाहीत. म्हणतात, आठ बोटांचा माणूस मशीनवर ठेवला तर सुरक्षावाले आम्हालाच धरतील."

"त्यांचं बरोबर आहे," साहेब म्हणाले. "तसा नियमच आहे. पण आम्ही मामांना विसरलेलो नाही. पुढच्या पंधरवड्यात त्यांना व्यासपीठावर बसवू. त्यांनी फक्त हात वर करून लोकांना दाखवायचा."

"आणि लोक काय करतील?"

"टाळ्या वाजवतील."

मामी जायला निघाल्या. जिन्यावर त्यांच्या चपलांचा आवाज बराच वेळ येत होता. त्या मजल्यावरून खाली जायला कुणालाही वेळ लागतो.

या साऱ्या प्रकारातून खात्याने एक धडा घेतला. लोक पोस्टर वाचत नाहीत. लोकांना गोष्ट लागते, तीही जरा हसवणारी. तेव्हा सर्व व्यवसायांतल्या अशा घटनांवर खुसखुशीत कथांचं पुस्तक काढावं असं ठरलं आणि ते लिहिण्याचं काम प्रसिद्धी सहायक म्हणून माझ्याकडे आलं. छपाईसाठी पुन्हा दर मागवले. सर्वांत कमी दर कुणाचा आला हे सांगण्याची गरज नाही. मशीनवर आता मामांचा भाचा शोभेल असा एक तरुण आहे आणि त्याचा हात फार जलद चालतो.

मालकांनी मला एवढंच विचारलं की कडा जरा खालीवर झाल्या तर चालतील का, घाई आहे. मी म्हटलं, छे, वाचकांना ते खपत नाही. आणि खोटं काय आहे? दुकानात पुस्तक हातात घेतलं की तुम्ही आधी त्याच्या पानांवरून अंगठा फिरवता, एखादं पान तिरकं दिसलं तर ते खाली ठेवून त्याखालची प्रत उचलता. मजकुराची कटकट तुम्ही सोसाल, वाकड्या कडेची नाही.

तेव्हा वाचकहो, हे पान उलटण्याआधी कडेवरून एकदा बोट फिरवून बघा. किती सरळ आलीय. फक्त जरा सांभाळून फिरवा, नव्या कागदाला धार असते.