लोळ्याचं करारपत्र

"आजपासून मोबाईल माझ्या मुठीत, मी त्याच्या नाही," असं लोळ्याने वसतिगृहाच्या जेवणघरात छातीठोकपणे जाहीर केलं आणि एक करारपत्र लिहून वॉचमनकाकांच्या हाती दिलं. रोज संध्याकाळी सातला फोन त्यांच्याकडे जमा. सकाळी इमारतीभोवती दहा फेऱ्या पळाल्याशिवाय परत नाही. स्वतःचा स्वभाव ठाऊक असल्याने त्याने खाली कलमंही घातली: रडलो, पाया पडलो, तरी द्यायचा नाही. काकांनी चष्मा पुसून सही केली.

चार दिवस निभावलं. पाचव्या दिवशी जाग आली तेव्हा आठ वाजले होते. नऊला पेपर, आणि प्रवेशपत्र मोबाईलमध्ये! ते छापून घ्यायचं काम महाशय महिनाभर उद्यावर ढकलत आले होते. तो तसाच धावत खाली काकांकडे गेला.

"काका, आज पेपर आहे. फोन द्या."

काकांनी कागद काढला. "कलम चौथं. 'पेपर आहे असं सांगेन, विश्वास ठेवू नये.'"

"अहो, पण खरंच आहे!"

"कलम पाचवं. 'खरंच आहे असंही म्हणेन.'"

लोळ्याने हात टेकले आणि पळत सुटला. पेपर बुडाला तर वर्ष बुडणार होतं. तिसऱ्या फेरीत तोंडाला फेस आला. पाचवीला वरच्या खिडक्यांतून पोरं डोकावून टाळ्या वाजवू लागली. पेपर असताना ही पोरं अजून खोलीतच कशी, असं त्याच्या मनात आलं, पण थांबून विचारायला सवड कुठे होती? आठव्या फेरीत त्याने कोपरा कापला. काकांनी ती फेरी धरलीच नाही.

पावणेनऊला फोन हातात आला. कॉलेजचा काल रात्रीचा निरोप होता: पेपर आज दुपारी तीनला. लोळ्याचा जीव भांड्यात पडला. पायरीवर बसून तो चक्क रडला.

"पेपर पुढे गेला तरी पळतोस? मानलं बाबा तुला," वरून मित्र म्हणाला. लोळ्याने विनयाने मान डोलावली.

मग त्याने सहज एक व्हिडिओ लावला. व्यायामाचाच होता. काकांनी त्याचा खांदा हलवला तेव्हा दोन वाजून गेले होते.

"पाचच मिनिटं, काका."

काकांनी करारपत्र त्याच्या नाकासमोर धरलं. शेवटचं कलम त्याच्याच अक्षरात होतं: 'पाचच मिनिटं म्हणालो, तर कान धरून उठवावं.'

पेपरला लोळ्या वेळेवर पोचला. डावा कान तेवढा लाल होता.