मागं कोन हाय का?

आमच्या शेजारचे सुभेदार ट्रॅक्टर सुरू करण्याआधी त्याला तीन फेऱ्या मारतात. मग सीटवर बसून गिअरची दांडी हलवून बघतात आणि निम्म्या तासगावला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडतात, "मागं कोन हाय का?" एवढ्यावर भागत नाही. कुणीतरी "न्हाई" म्हणेपर्यंत हा माणूस किल्लीला हात लावत नाही.

ट्रॅक्टर म्हणजे द्राक्षबागेत औषध मारायचा छोटा. वय माझ्या लग्नाएवढं, निळा रंग कुठे कुठे शिल्लक. सुभेदार फौजेत गाड्यांच्या दुरुस्तीवर होते. पेन्शन घेऊन गावी आले आणि फौज त्यांच्या मागोमाग शेडमध्ये येऊन राहिली. दुरुस्तीला बसले की किल्ली दोरीने गळ्यात, चाकांना पुढून-मागून दगड, बॅटरीची वायर सोडलेली, बोटातली अंगठी भिंतीच्या खिळ्याला. रेडिएटर तापलेला असला तर झाकण उघडायचं नाव नाही. शेजारी स्टूल टाकून ते पेपर जाहिरातींसकट वाचून काढतात. "घाई आसंल तर सायकल घ्या," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

माझा ट्रॅक्टर नवा आहे. तरी वर्षातून दोनदा मिस्त्रीच्या दारात असतो, आणि त्यांचा तो खटारा एका दमात सुरू होतो. मी जळतो, उगीच आडून कशाला सांगू? लोक लांबलांबच्या मळ्यांतून फोन करून त्यांना इंजिनाचा आवाज ऐकवतात आणि काय बिघडलंय ते विचारतात. मला कुणी किती वाजले हेसुद्धा विचारत नाही.

तेही सोसलं असतं. पण रोज सकाळी सातला ती आरोळी आली की आमची सुनंदा, म्हणजे माझी बायको, हातातला चहा तसाच ठेवून मागच्या दारात जाते. तिथून त्यांची शेड सगळी दिसते. ती खणखणीत आवाजात सांगते, "न्हाई कोन, सुभेदार. करा सुरू." मी न्हाणीतून टॉवेल मागून मागून घसा कोरडा केला तरी आतून हूं की चूं येत नाही.

एकदा मी इरेला पेटलो. सुभेदारांच्या फेऱ्या चालू असताना आपला ट्रॅक्टर आधी सुरू करून दाखवायचा, तोही सुनंदासमोर. नेमका त्या दिवशी स्टार्टर घेईना. मग चाकाजवळ जमिनीवर उभा राहूनच स्टार्टरच्या दोन टोकांना स्क्रू ड्रायव्हर टेकवला. ठिणगी उडाली, इंजिन पेटलं, आणि गिअरमध्येच राहिलेला ट्रॅक्टर जाऊन न्हाणीच्या भिंतीत घुसला. मागचं चाक माझ्या पायापासून वीतभर अंतरावरून गेलं.

सुभेदार कुंपण ओलांडून आले. इंजिन बंद केलं, चाकाला दगड लावला आणि किल्ली काढून सुनंदाच्या हातात दिली. मला चार पावलं चालून दाखवायला लावलं. मग परत गेले आणि फेऱ्या पुन्हा पहिल्यापासून सुरू केल्या. त्या दिवसापासून सुनंदा त्यांना जरा जास्तच मोठ्याने उत्तर देते, असं मला वाटतं.

गेल्या महिन्यात तिच्या आईला बरं नव्हतं म्हणून ती म्हसवडला गेली. दुसऱ्याच दिवशी सकाळी आरोळी आली. ढगाळ हवा होती, पानं ओली होती. अशा हवेत दावण्या रोग पडला की द्राक्षाचा हंगाम हातचा जातो, त्यामुळे औषध त्याच सकाळी मारणं भाग होतं. मी मात्र चहा पीत गप्प बसलो. उत्तर द्यायला मी काय त्यांचा शिपाई? पाच मिनिटांनी दुसरी आरोळी आली, मग तिसरी. खरं सांगतो, मला फार बरं वाटत होतं.

नऊ वाजले. टाकीत औषध कालवून तयार आणि सुभेदार मांडीवर हात ठेवून सीटवर बसलेले. बाग गेली तरी हा माणूस किल्ली फिरवणार नाही, हे लक्षात आल्यावर माझंच डोकं फिरलं. कुंपणाशी जाऊन मी म्हणालो, आवं, तीनदा फिरून बघितलंत, मागं मांजरसुद्धा नाही, मग विचारता कुणाला?

ते स्टिअरिंगकडे बघतच म्हणाले, "मागं कोन न्हाई ते मलाबी दिसतंय, संपत. तुझी काकी हुती तवर ती त्या दारात हुबी ऱ्हाऊन न्हाई म्हणायची. ती गेली, आन् चार म्हैनं माझा हात किल्लीवर गेलाच न्हाई. एक दिस नुसतंच आरडून बघितलं. तुझ्या घरातनं आवाज आला."

मी कुंपण ओलांडलं, ट्रॅक्टरच्या मागे जाऊन चाकाखाली वाकून बघितलं आणि कोणी नाही म्हणून सांगितलं. त्यांनी किल्ली फिरवली.

घरी येऊन सुनंदाला फोन लावला. तिने आईचं सोडून आधी विचारलं, सुभेदारांचं औषध मारून झालं का. पोटात पुन्हा दुखलंच. चालू झालंय म्हणालो आणि फोन तसाच कानाला धरून राहिलो.

"काय पायजे हुतं का?" तिनं विचारलं.

"काय न्हाई," मी म्हणालो. "तू बोल कायतरी."