डाव्या पायाचं माप

खातूनबाईचा नवा गुडघा नागभीडला येऊन महिना झाला. त्या दिवशी गाऊन सोडून तिने पहिल्यांदा नवी सलवार घातली आणि तिच्या नवऱ्याने, नूरुद्दीन टेलरने, निकाल जाहीर केला: कंप्युटर चुकला.

"डावा पाय दीड इंच लांब करून ठेवला! पाह्य ना, सलवार कशी वर चढून राह्यली!"

वाकलेला पाय कंप्युटर अंशाअंशाने मोजून सरळ करणार, असं नागपूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशनआधी पडद्यावर हाडं दाखवून सांगितलं होतं. नूरुद्दीनचं डोकं तेव्हाच फिरलं होतं. चाळीस वर्षं मापं घेणारा माणूस घरात असताना त्याच्या बायकोचा पाय मशीन मोजणार म्हणजे काय!

दुपारपर्यंत शेजारणी येऊन पाहून गेल्या. प्रत्येकीने मान हलवली. संध्याकाळी खातूनबाई तो 'लांब' पाय दुमडून लंगडायलाच लागली. काठी न धरता बाजारापर्यंत जाता यावं, एवढंच तिला हवं होतं. आता ती अंगणातच रडत बसली.

"चाल नागपूरले!" नूरुद्दीन गरजला.

छोट्या लाईनच्या, नॅरोगेजच्या गाडीत पाच तास तो डब्यातल्या प्रत्येकाला कंप्युटरच्या चुका समजावत होता. खातूनबाईचे कान किटले.

डॉक्टरांनी टेप लावला. दोन्ही पाय सारखे.

"तुमचा टेप खराब हाये," म्हणत नूरुद्दीनने खिशातून स्वतःचा काढला. तरी सारखेच.

मग नर्स सत्यशीलाबाईंनी खातूनबाईला दवाखान्याचा झगा घालून चालवलं. ती सरळ चालली. सलवार घालून चालवलं, तर लंगडली. सत्यशीलाबाईंनी ती सलवार मागून घेतली आणि टेबलावर सलवारीचे दोन्ही पाय एकावर एक ठेवले. डावा दीड इंच आखूड होता.

"कोणत्या टेलरनं शिवली ही?" डॉक्टरांनी विचारलं.

नूरुद्दीन पंख्याकडे पाहू लागला. वाकड्या पायावर नीट दिसावी म्हणून दहा वर्षं तो डावी बाजू कमी कापत होता. ऑपरेशनच्या आनंदात नव्या सहा सलवारीही हाताने आपसूक तशाच कापल्या होत्या.

"काऊन बोलून नाई राह्यले?" खातूनबाई म्हणाली. परतीच्या गाडीत पाच तास ती त्याच्याकडे पाठ करून बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती काखेत कापड घेऊन, काठीशिवाय, घराबाहेर पडली.

"कुठी चालली? मी शिवतो ना!" नूरुद्दीन मागे धावला.

ती थांबली नाही. शिरीन नावाच्या पोरीने बाजारात लेडीज टेलरचं दुकान टाकलं होतं. नूरुद्दीन तिला टेलर मानतच नव्हता. अख्खा बाजार ओलांडून, एकदाही न टेकता, खातूनबाई तिच्या दुकानाची पायरी चढली. रागाने लाल झालेल्या नूरुद्दीनचे डोळे भरून आले. इतकं सरळ चालताना त्याने तिला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

आतून आवाज आला, "शिरीन, माप घे वं. दोन्ही पायाचं घेजो."