गोमतीबाईंचा नंबर

शकूमावशी टँकरच्या रांगेत नेहमी दुसरी उभी राहते. पहिलं कुणी नसलं तरी.

उन्हाळ्यात आमच्या देवासच्या गल्लीत टँकर यायचा असला की सगळ्यांत आधी पोचते तीच. पण पुढे एका माणसाची जागा सोडते. तिथे कुणी घागर सरकवली, की म्हणते, "वहाँ गोमतीबाई है, भिया!" गोमतीबाई आमच्या शेजारीण. त्यांना वारून वीस वर्षं झाली, घराला कुलूप आहे. भर दुपारी ही त्या रिकाम्या जागेला "धूप तो नहीं लग रही?" विचारते, तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो.

मावशी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायची. ते अजून उतरलेलं नाही. टँकरवाला एकदा म्हणाला, "माताजी, सब बोल रिये हैं पेला नंबर आपका, तो आपका."

"सब बोलेंगे तो टेकरी हट जाएगी? वोट से खड़ी है क्या?"

बिचाऱ्याने देवीच्या टेकरीकडे पाहिलं आणि मुकाट्याने गोमतीबाईंची घागर आधी भरली. ती घागर मावशी त्यांच्या बंद दाराशी ठेवते. संध्याकाळी ती रिकामी असते. गाय पीत असेल, असं मी म्हणते.

यंदा मावशी गुडघ्याने अंथरुणाला खिळली, तेव्हा मी विचारलंच.

"गोमती होती तेव्हा एका दुष्काळात टँकर इथवर येईतो तळ गाठायचा. गोमती पहिली घागर लावून भाजी उतरवायला आत गेली. मी ती मागे ढकलली, माझी लावली. पाणी त्या एका घागरीपुरतंच निघालं. मग तिला अर्धं दिलं, तर म्हणाली, 'तुम तो देवी हो, बेन.'"

"पण कुणी पाहिलं नाही, तिलाही कळलं नाही. मग?"

"चूक कुणी बघायची वाट बघते का गं? कळलं असतं तर चार दिवस रुसली असती, मग माफ केलं असतं. आता माफ करायला कुणी उरलंच नाही."

दुसऱ्या दिवशी दोन्ही घागरी घेऊन मी गेले. टँकरवाला नवा होता. "आगे आओ, आगे कोई नी है."

"है," मी म्हणाले.

भरलेली घागर बंद दाराशी ठेवली आणि, स्वतःचीच लाज वाटत, पुटपुटले, "काकी, मावशी को माफ कर दो."

संध्याकाळी घागर रिकामी होती. लख्ख घासून पायरीवर उपडी घातलेली.

गाय घागर घासत नाही. मी धावत येऊन मावशीला सांगितलं. तिचे डोळे भरून आले.

मग डोळे पुसून म्हणाली, "बरं. तरी उद्या पहिला नंबर तिचाच हं."