बाराशे टॉवेल

पिंपळटेकचे नगराध्यक्ष लीलाधरभाऊ नेहेते यांनी समाजसेवेचं व्रत घेतलं होतं, आणि ते फार कडक होतं. नियम एकच: गावातल्या कुठल्याही लग्नात गैरहजर राहायचं नाही. रावेरच्या अलीकडे, केळीच्या बागांच्या मधोमध वसलेलं हे गाव. सत्त्याऐंशी साली तिथे नळाला नवव्या दिवशी पाणी येई, तेही पाऊण तास. भाऊ मात्र रोज येत. असा सेवेकरी माणूस उभ्या जिल्ह्यात नाही, असं लोक अभिमानाने सांगत.

मांडवात भाऊंचं नाव लाउडस्पीकरवरून पुकारलं जाई. मग टॉवेल, टोपी आणि नारळ देऊन सत्कार होई आणि भाऊ वधूवरांना चार शब्द सांगत. त्या चार शब्दांना अर्धा तास लागे. भाऊ आल्याशिवाय मंगलाष्टकं सुरू करायची नाहीत, असा ठराव कधी झाला नव्हता. पण पालिकेच्या कुठल्याही ठरावापेक्षा तो काटेकोर पाळला जाई. मुहूर्त पंचांगातून निघे आणि लग्न भाऊंची जीप दिसली की लागे.

वैशाखात दिवसाला अकरा-अकरा लग्नं येऊ लागली, तेव्हा सेवेला शिस्त हवी म्हणून पालिकेत 'लग्नपत्रिका आवक नोंदवही' उघडण्यात आली. पाणीपुरवठ्याचे फिटर पंडित यांना नळजोडण्यांमुळे गावातली गल्ली न् गल्ली पाठ होती. सबब, जनहितार्थ त्यांची नेमणूक भाऊंचा मांडव-मार्ग आखण्याच्या कामी झाली. गळक्या व्हॉल्व्हकडे बघायला कोणी उरलं नाही, म्हणून तिथे 'दुरुस्ती प्रगतिपथावर' अशी पाटी लावण्यात आली. एकदा जीप बंद पडली, तर भाऊ पालिकेच्या टँकरवर बसून लग्नाला गेले. टँकर रिकामाच असल्यामुळे नागरिकांची कसलीही गैरसोय झाली नाही.

अशा ऐन हंगामात एका सोमवारी मुख्याधिकारी फाईल घेऊन आले.

"अध्यक्षसाहेब, तापीवरून नवी पाइपलाइन. शेवटची बैठक गुरुवारी अकराला, जळगावला. तुम्ही स्वतः हजर नसाल, तर योजना दुसऱ्या गावाला जाईल."

भाऊंनी नोंदवही चाळली. "गुरुवारी सतरा लग्नं आहेत. बैठक पुढच्या आठवड्यात घ्यायला सांगा."

"शासनाची बैठक आहे, भाऊ."

"शासनाची आहे म्हणूनच म्हणतो. शासनाची तारीख पुढे ढकलता येते. पंचांगाची कशी ढकलणार?"

पंचांगाची तर तुमच्यासाठी रोजच ढकलतात, असं मुख्याधिकारी मनातल्या मनात म्हणाले आणि फाईल टेबलावर ठेवून गेले.

दुपारी घरी येऊन भाऊंनी अंघोळीसाठी टॉवेल मागितला. त्यांच्या पत्नी सुनंदाबाईंनी धान्याची कोठी उघडून दाखवली. दोन कपाटं भरल्यावर टॉवेल आता तिथे राहायला गेले होते.

"कोन्ता देऊ? बाराशे पडेल हायेत," सुनंदाबाई म्हणाल्या. "पानी मातर तांब्याभर हाये. त्यात तोंड धुता का पाय?"

"गुरुवारी जळगावले गेलो त लोकं नाराज होतीन."

"पानी आनलं म्हनून नाराज होतीन? बाया हंड्यापायी एकमेकीच्या झिंज्या धरू ऱ्हायल्या. त्याहीले इचारून पाहा, टोपी पाह्यजे का पानी."

भाऊंना एकदम लाज वाटली. नगराध्यक्ष झाल्यापासून ही भावना त्यांच्याकडे प्रथमच आली होती, त्यामुळे ती ओळखायला थोडा वेळ लागला. त्यांनी तोंड धुतलं, पाय तसेच ठेवले आणि गुरुवारी सकाळची जळगावची एस.टी. पकडली.

बैठक दहा मिनिटांत आटोपली. स्पर्धेत आणखी तीन गावं होती, पण त्यांचे नगराध्यक्ष फिरकलेच नाहीत. त्या गावांतही गुरुवारचा मुहूर्त दाट होता. योजना पिंपळटेकला मंजूर झाली.

इकडे गावात सतरा मांडवांत सतरा नवरदेव खोळंबले होते. उखर्डूनाना महाजनांच्या मुलीचा मुहूर्त अकरा बेचाळीसचा; अक्षता पडल्या चारला. तोवर बट्ट्या दगडासारख्या झाल्या होत्या आणि वरण तीनदा गरम झालं होतं. पाचला भाऊ एस.टी.तून उतरले, ते धावतच नानांच्या मांडवात शिरले.

"नाना, पानी आनलं! आता रोज येईन नळाले!"

नानांनी तोंड फिरवलं. "पानी त कोनीबी आनीन, भाऊ. माह्या पोरीच्या मांडवात तुम्ही नही आले. चार गावचे पाव्हने बसेल व्हते. माही इज्जत गेली, ते कोन आनीन?"

टॉवेल-टोपी ताटात तयार होती. नानांनी ती उचलून आत नेली.

दीड वर्षात पाइपलाइन झाली. नळाला रोज सकाळी पाणी येऊ लागलं, बायांची भांडणं मिटली. मग निवडणूक आली. भाऊंच्या वॉर्डात झुलाल उभा राहिला. झुलालची गावासाठी कामगिरी एकच: त्या गुरुवारी तो सायकलवरून सतराही मांडवांत जाऊन आला होता. मतदानाच्या दिवशी लोकांनी नळाच्या पाण्याने डोक्यावरून अंघोळी केल्या, इस्त्रीचे कपडे घातले आणि जाऊन झुलालला मतं दिली. भाऊंचं डिपॉझिट गेलं.

झुलालभाऊ नगराध्यक्ष झाले. पहिल्याच सभेत त्यांनी पाइपलाइनच्या कामात बंद पडलेली नोंदवही पुन्हा सुरू केली आणि पंडित फिटर परत मांडव-मार्गावर रुजू झाले. नव्या पाइपलाइनचा व्हॉल्व्ह परवापासून गळतो आहे. पाटी नवी रंगवावी लागली नाही, जुनी गोदामात होतीच.

लीलाधरभाऊंना आता कोणी बोलावत नाही. गावात पाणी आहे तोवर ते दिवसातून दोनदा अंघोळ करतात आणि दर वेळी कोरा टॉवेल वापरतात. सुनंदाबाईंच्या हिशेबाने अजून वर्षभर पुरतील. भाऊ खुशीत आहेत.

काय गाव आहे, असं म्हणून तुम्ही हसाल. जरूर हसा. फक्त तुमच्या घरच्या शेवटच्या लग्नाची पत्रिका काढा आणि 'प्रमुख उपस्थिती'खाली कोणाचं नाव छापलंय, ते पाहा. तुमच्या नळाला पाणी आणणाऱ्याचं आहे का? आणि पत्रिकेत छापलेला तो पाहुणा आला नाही, तेव्हा मांडवात गार पाणी पीत पीत तुम्ही त्याला काय काय बोलला होतात, तेही जरा आठवा.