स्कझी कार्ड आणि काट्यावरचे काझीसाहेब

आमच्या साखर कारखान्याच्या संगणक विभागाचा मी प्रमुख होतो. विभागात मी एकटाच होतो, तरी प्रमुख होतो. अठ्ठ्याण्णवच्या हंगामात कारखान्यात सर्व्हर आला आणि कुणाच्या फडात तोडणीची टोळी कधी जाणार, ती यादी त्यातून छापून निघू लागली. हातानं लिहायच्या वह्या मीच बंद करायला लावल्या. पंचक्रोशीत सर्व्हर आतून बघितलेला माणूस मी एकटा, हे मी कुणी न विचारता सांगायचो.

एका शनिवारी संध्याकाळी माझ्या मनात आलं, हे यंत्र सुरू व्हायला फार वेळ खातंय. सुरू होताना ते एका पडद्यावर थांबून एकेक डिस्क शोधत बसायचं, तलाठ्यानं सातबारा शोधावा तसं. मी त्या पडद्याच्या सेटिंगमध्ये शिरलो, एक गोष्ट चालू होती ती बंद केली, यंत्र बंद केलं आणि नेकनूरची बस धरली. घरी बायकोला, शिवकांताला म्हणालो, "आज सर्व्हर एका मिनिटानं पळवला."

"कुठं?" ती म्हणाली.

सोमवारी सकाळी सर्व्हर सुरूच होईना. काळ्या पडद्यावर एकच ओळ, ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही. चार वेळा बंद-चालू केलं. तीच ओळ. बाहेर व्हरांड्यात पन्नास-साठ शेतकरी यादीची वाट बघत होते आणि सगळ्यांत पुढं चकलांब्याचा परमेश्वर उभा होता.

"संगमेश्वर, माझा नंबर कावून निघंना?"

"यंत्र बंद हाय."

"मंग हातानं लिव की बे. उसाला तुरे आलेत माझ्या. रोज वजन घटतंय आन् तू टीव्ही बघत बसलास."

माझं डोकं फिरलं. आधी मी वीज मंडळाला शिव्या घातल्या. मग यंत्र विकणाऱ्या पुण्याच्या कंपनीला. मग आश्रुबा शिपायाला बोलावलं आणि दरडावलं, "काल इथं झाडू मारताना वायर वढलीस का न्हाई, खरं सांग."

"काल ऐतवार हुता, सायेब," आश्रुबा म्हणाला. याचाही मला राग आला.

शेवटी पुण्याला फोन लावला. फोन होता शेतकी अधिकारी भगवानरावांच्या खोलीत, व्हरांड्याच्या एका टोकाला, आणि सर्व्हर दुसऱ्या टोकाला. म्हणून फोन भगवानरावांनी धरला, मधे आश्रुबा उभा राहिला आणि यंत्रासमोर मी. पुण्याचा इंजिनिअर सांगणार, भगवानराव ओरडणार, आश्रुबा पोचवणार. गाळपाचा घरघराट कानात बसलेला.

डिस्क ज्या कार्डाला जोडलेल्या असतात त्याला स्कझी कार्ड म्हणतात. इंजिनिअर म्हणाला, "स्कझी कार्डवर बघा." भगवानरावांनी तेच ओरडून सांगितलं. आश्रुबाला ऐकू आलं, "काझी काट्यावर, बघा." आणि तो मला काही न सांगता काझीसाहेबांना बोलवायला पळत सुटला.

काझीसाहेब आमच्या वजनकाट्यावर चोवीस वर्षं होते. हंगामात ते खुर्ची सोडत नसत. त्यांना वाटलं, सायेबांनी बोलावलं म्हणजे आपल्या मोजणीवर तक्रार आलीय. ते काट्याला कुलूप लावून, संतापून, तरातरा निघाले. मागं उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर जागच्या जागी उभे राहिले. रांग बघता बघता फाटकाबाहेर सडकेवर गेली.

काझीसाहेब माझ्या खोलीत शिरले. "चोवीस साल में एक किलो इधर का उधर नहीं हुआ. कोण म्हणतंय माझं वजन चुकलं?"

"तुमाला कुणी बोलावलं?" मी ओरडलो.

"तुमीच."

त्यांच्या पाठोपाठ अंजनाबाई आली, हातात चाबूक. गाडी तिची, बैलं तिची. "माझी बैलं वझ्याखाली उनात हुभी हायेत. काटा कावून बंद केला?"

परमेश्वर म्हणाला, "ह्यानं केला." आणि माझ्याकडं बोट दाखवलं.

मी काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. इंजिनिअर नालायक, आश्रुबा बहिरा, सर्व्हर भंगार, असं बरंच काही. काझीसाहेबांनी ते संपू दिलं. मग त्यांनी स्टूल ओढलं, पण बसले नाहीत.

"काटा चुकला की मी पहिलं एकच विचारतो. शेवटचा हात कुणी लावला? याला शेवटचा हात कुणी लावला?"

"मी."

"कधी?"

"शनिवारी."

"काय केलं?"

शनिवारी बंद केलेली ती एक गोष्ट मला आठवली. अंजनाबाई चाबूक खाली टेकवून माझ्याकडं बघत होती.

मी व्हरांडाभर चालत गेलो आणि भगवानरावांच्या हातातून फोन घेतला. इंजिनिअर वैतागून म्हणाला, "कधीपासून सांगतोय. कार्डाचं बायोस कुणी बंद केलंय का बघा. ते बंद असलं की मशीनला डिस्क दिसतच नाही."

"बघतो," मी म्हणालो. बघण्यासारखं काहीच नव्हतं.

परत येऊन बंद केलेलं चालू केलं. सर्व्हर एकेक डिस्क शोधत बसला, मी हात बांधून उभा राहिलो. यादी निघाली. परमेश्वरची पाळी गुरुवारी होती. तो कागद घेऊन गेला. काझीसाहेब काट्यावर गेले आणि दुपारपर्यंत रांग हलली.

भगवानरावांना इतकंच दिसलं की यंत्र बंद होतं आणि मी चालू केलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी कामगारांच्या सभेत माझा सत्कार ठेवला. "मुळात झालं असं की," म्हणून मी सुरुवात केली. लोकांना वाटलं भाषण करतोय, त्यांनी टाळ्या वाजवून मला थांबवलं. शाल घालायला सगळ्यांत जुने कर्मचारी म्हणून काझीसाहेबांना बोलावलं होतं.

त्यांनी शाल नीट खांद्यावर पसरली, कानाशी वाकले आणि हळूच म्हणाले, "अब उसकू हात नक्को लगाव."

मी मान हलवली. लोकांना वाटलं, आशीर्वाद दिला.